स्वच्छ शहरातला चिखल आणि श्रावणातले पाहुणे

जानेवारी २०२५ मध्ये बातमी आली की रामसर कराराखाली 'पाणथळ शहर' अशी मान्यता मिळालेली भारतातली पहिली दोन शहरं म्हणजे आमचं इंदूर आणि उदयपूर. सकाळचे पोहे खाता खाता मी ती मोठ्यानं वाचून दाखवली. आई म्हणाली, "पाणथळ म्हणजे दलदलच ना रे? २०१७ पासून स्वच्छतेत पहिले, पहिले म्हणून मिरवतोय आपण, आणि आता दलदलीचं बक्षीस?"

प्रश्न बिनतोड होता. ज्या गावात पोह्याचा कागद रस्त्यावर टाकताना माणूस चार वेळा इकडेतिकडे बघतो, त्या गावाला चिखलाचं कौतुक कसं पटावं? दुसरा प्रश्न मला दरवर्षी ऑगस्टमध्ये ऐकावा लागतो. सिरपूर तलावाच्या काठाला दुर्बीण लावून बसलं की कोणीतरी मोटारसायकल थांबवतंच. "क्या भिया, मछली पकड़ रे हो?" नाही, पक्षी बघतोय म्हटलं की तो हसतो. "अभी कहाँ? वो तो ठंड में आते हैं."

आईचा प्रश्न आणि या भियाचा प्रश्न हे एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. म्हणून हा लेख.

आधी दोन शब्द समजून घेऊ

पाणथळ म्हणजे जिथे पाणी उथळ असतं आणि वर्षाचा काही काळ किंवा बारा महिने जमीन भिजलेली असते अशी जागा. त्यात तलावाची उथळ कड आली, दलदल आली, भाताचं खाचरही आलं. १९७१ साली इराणमधल्या रामसर गावी या जागा जपण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला, म्हणून महत्त्वाच्या पाणथळींना 'रामसर स्थळ' म्हणतात. इंदूरकडे अशी दोन आहेत आणि दोन्ही २०२२ सालची: धार रोडवरचा सिरपूर तलाव आणि गंभीर नदीवरचा यशवंत सागर. दोन्ही माणसानं बांधलेले. सिरपूर होळकरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला. यशवंत सागरचं पाणी तर शहर पितंही. निसर्गानं दिलेलं सरोवर आपल्याकडे नव्हतं, आपण पिण्यासाठी पाणी अडवलं आणि पाहुणे आपसूक आले.

दुसरा शब्द 'वेडर'. पोहत नाहीत, तर उथळ पाण्यात आणि चिखलात चालत अन्न शोधतात, अशा लहान-मध्यम पक्ष्यांचा हा गट. आपली टिटवी त्यातलीच. लाल काठ्यांवर चालणारा शेकाट्या, सारखी शेपटी हलवणारा तुतवार, गळ्यात काळी पट्टी घातलेला कंठेरी चिखल्या, गवतात दडून बसणारा पाणलावा, आणि निरनिराळ्या तुताऱ्या हेही त्याच घरचे. बगळे, बदकं, सारस यांना यातून वगळायचं. टिटवी आणि शेकाट्या इथेच घरटी करतात. तुताऱ्या मात्र लांबून येतात, आणि ही सगळी गोष्ट मुख्यतः त्यांचीच आहे.

श्रावणात कसे? पाहुणे तर थंडीत येतात ना?

बदकं थंडीत येतात, हे खरं. नोव्हेंबरात तलाव बदकांनी भरतो, वर्तमानपत्रात फोटो येतात, आणि त्यामुळे 'स्थलांतर म्हणजे हिवाळा' हे समीकरण डोक्यात बसतं. पण थंडी पडली म्हणून निघायचं, असं वेडरांचं नसतं. त्यांचं कॅलेंडर वेगळं आहे.

ठिपकेवाली तुतारी घ्या. वजन साधारण साठ ग्रॅम, म्हणजे कोंबडीच्या एका अंड्याएवढं. ही उत्तर युरोपपासून सायबेरियापर्यंतच्या दलदलींत घरटं करते. तिथला उन्हाळा जेमतेम दोन महिन्यांचा, पण त्यात रात्र जवळपास होतच नाही आणि किडे मुबलक. चार अंडी, तीन आठवडे उबवणं, आणि अंड्यातून बाहेर पडल्यावर काही तासांतच पिल्लू स्वतःच्या पायांवर चालून स्वतःचं खाणं शोधायला लागतं. आईबापांनी चोचीत घास भरवायचा प्रश्नच नाही. राखण करायची, ऊब द्यायची, एवढंच काम. तेही पुष्कळदा बाप बघतो, आई आधीच निघते. महिनाभरात पिल्लं उडायला लागली की बापही मोकळा.

हिशेब करा. मे अखेर ते जूनमध्ये अंडी, जुलैमध्ये पिल्लं मोठी. मग तिथे थांबायचं कशाला? ज्यांची घरटी कोल्ह्यानं किंवा पुरानं उद्ध्वस्त केली ते तर जूनअखेरच पाठ फिरवतात. दिवस लहान होऊ लागला ही खूण त्यांना पुरते, बर्फ पडायची वाट बघावी लागत नाही. म्हणून तिकडचा उन्हाळा कलतो तेव्हा आपल्याकडे श्रावण चालू असतो, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमाराला माळव्यात पहिल्या तुताऱ्या हजर होतात. हिरवी तुतारी तर कधी कधी जुलै संपता संपताच दिसते. (ही बाई जरा वेगळीच. दलदलीतला पक्षी असून झाडावर, दुसऱ्या पक्ष्यानं सोडलेल्या जुन्या घरट्यात अंडी घालते. भाड्याचंही नाही, फुकटचं घर.)

एवढासा जीव इतकं लांब उडतो कसा?

इंदूर २२.७ अक्षांशावर. तुताऱ्यांची साठ अक्षांशाजवळची दलदल धरली तरी सरळ रेषेत चार हजार किलोमीटरच्या वर अंतर होतं, आणि पक्षी काही पट्टीनं आखलेल्या रेषेत येत नाहीत.

आपल्या एबी रोडवरच्या ट्रकवाल्यांचा विचार करा. आग्र्याहून मुंबईला निघालेला ड्रायव्हर अख्खा रस्ता एका दमात मारत नाही. ठरलेले ढाबे असतात, तिथे जेवण, झोप, टाकीत डिझेल, मग पुढे. पक्ष्यांचेही असे महामार्ग आहेत. सायबेरिया आणि मध्य आशियातून भारतीय उपखंडात उतरणाऱ्या मार्गाला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात आणि त्यावर तीस देश येतात. सिरपूर, यशवंत सागर हे त्यावरचे ढाबे. काही पक्षी इथेच मुक्काम ठोकतात, काही आठवडाभर खाऊन आणखी दक्षिणेला जातात.

डिझेल म्हणजे चरबी. एक ग्रॅम चरबीतून साधारण नऊ किलोकॅलरी मिळतात, पिष्टमय पदार्थातून चार. शिवाय चरबी जळताना शरीरात पाणीही तयार होतं. म्हणजे कमी ओझ्यात जास्त मजल, वर तहानेची थोडी सोय. लांबच्या उड्डाणाआधी काही वेडर आपलं वजन जवळपास दुप्पट करतात, आणि गॉडविटसारखे मोठे, लांब चोचीचे वेडर तर निघण्यापूर्वी आतडी-जठर आकसून घेतात. प्रवासाला निघताना घरातलं जड सामान माळ्यावर टाकावं तसं. पोहोचल्यावर अवयव पुन्हा वाढवायचे.

म्हणून ढाबा बंद असणं ही त्यांच्यासाठी गैरसोय नसते, संकट असतं. टाकी रिकामी आणि पुढचा ढाबा किती लांब ते माहीत नाही.

पिल्लांना रस्ता कोण दाखवतं?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण उत्तर ऐकून माणूस गप्प होतो. कोणीच नाही. मोठे आधी निघून गेलेले असतात, पिल्लं काही आठवड्यांनी मागून येतात. आपल्याकडे ऑगस्टमध्ये बहुतेक मोठे दिसतात, सप्टेंबरमध्ये पिल्लांची गर्दी वाढते.

दिशा आणि किती दिवस उडायचं याचा ढोबळ आराखडा पिल्लू जन्मतःच घेऊन येतं. सूर्य, तारे आणि पृथ्वीचं चुंबकत्व ही त्याची होकायंत्रं. हा आराखडा जन्मजात असतो हे एका डच शास्त्रज्ञानं, पर्डेकनं, छान दाखवलं. त्याचा प्रयोग १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. मैनेच्या कुळातले हजारो स्टार्लिंग पक्षी स्थलांतराच्या वाटेवर असताना त्यानं नेदरलँड्समध्ये पकडले, स्वित्झर्लंडला नेले आणि तिथे सोडले. जुन्या पक्ष्यांनी चूक ओळखली आणि दिशा बदलून आपल्या नेहमीच्या मुक्कामाकडे वळले. पहिल्यांदाच प्रवासाला निघालेली पिल्लं मात्र ठरल्या दिशेनंच उडत राहिली आणि भलतीकडे, स्पेन आणि दक्षिण फ्रान्समध्ये पोहोचली. म्हणजे दिशा वारशात मिळते, पत्ता अनुभवानं कळतो.

आणि अनुभव नसलेल्या पिल्लाची ताकद बघायची तर २०२२ चं उदाहरण आहे. उपग्रहाशी जोडलेली चिप बसवलेलं गॉडविटचं एक पाच महिन्यांचं पिल्लू अलास्काहून उडालं ते अकरा दिवसांनी ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियात उतरलं. १३,५६० किलोमीटर, मध्ये एकदाही न थांबता. पाच महिन्यांचं आपलं बाळ जेमतेम कुशीवर वळतं.

चिखलात असतं तरी काय?

मागच्या वर्षी महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी यशवंत सागरच्या वरच्या अंगाला गेलो होतो. चार दिवसांच्या झडीनंतर उघडीप मिळाली होती. सोयाबीनच्या शेताच्या सखल कोपऱ्यात पाणी साचून पीक पिवळं पडलेलं, आणि बांधाजवळ ट्रॅक्टरच्या चाकोरीत वीतभर रुंद पाणी. त्या चाकोरीत एक ठिपकेवाली तुतारी. माझ्यापासून दहा पावलांवर. पाठीवर तपकिरी रंगात मोहरी उधळल्यासारखे ठिपके, डोळ्यावर पांढरी भुवई. ती एक पाय उचलायची, थांबायची, चोच चिखलात घालायची. तिसऱ्या-चौथ्या वेळी लालभडक, दोऱ्यासारखी अळी बाहेर यायची. झटका, गट्टम, पुढचं पाऊल. पाच मिनिटांत मी मोजलेल्या अळ्या सतरा.

ती लाल अळी म्हणजे डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या एका चिलटाचं पिल्लू. लाल का? चिखलात प्राणवायू फार कमी, म्हणून तिच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, आपल्या रक्तातल्यासारखंच. चिखलात अशा अळ्या, गांडुळासारखे किडे, बारीक गोगलगायी खच्चून भरलेल्या असतात. आपल्याला जी घाण दिसते ते कोठार आहे.

त्या कोठाराचे ताळे निरनिराळे आणि चाव्याही. इंदूरच्या सराफ्यातली रात्रीची खाऊगल्ली आठवा. एकाच गल्लीत कोणी दहीबड्यापाशी, कोणी भुट्ट्याच्या किसापाशी, तिसरा जिलेबीच्या कढईपुढे. गर्दी आहे पण भांडण नाही. चिखल्याची चोच आखूड आणि डोळे मोठे: तो धावतो, थबकतो, दिसेल ते टिपतो. तुतारीची चोच मध्यम, ती वरच्या थरातलं काढते. पाणलाव्याची चोच लांबलचक, आणि तिच्या टोकाला स्पर्श ओळखणाऱ्या चेतातंतूंचे पुंजके असतात. तो न बघता, चाचपून खातो. अख्खी चोच न उघडता नुसतं टोक उचकटून अळी चिमटीत धरता येते त्याला, काळोख्या माळ्यावर हात घालून बरोबर लोणच्याची बरणी काढणाऱ्या आजीसारखं.

शेताचा मालक आला. मी काय बघतोय ते सांगितल्यावर म्हणाला, "मेरी तो फसल गई, तुम्हारी चिड़िया आ गई." यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. त्यानंही मग दोन मिनिटं दुर्बिणीतून बघितलं.

तलाव तुडुंब भरला की पक्षी जास्त येणार ना?

इथे जवळजवळ सगळे फसतात. मीही वर्षानुवर्षं फसलो. चांगला पाऊस झाला, तलाव काठोकाठ, म्हणून उत्साहानं जायचं आणि एक टिटवी बघून परतायचं.

तुतारीचे पाय बोटभर, शेकाट्याचे वीतभर. पाणी त्याहून खोल झालं की त्यांच्या दृष्टीनं ढाब्याला कुलूप. भरलेल्या तलावात बदकं खूश, कारण ती पोहतात. वेडरांना कड लागते: जिथे पाणी संपतं आणि जमीन अजून सुरू झालेली नाही असा ओला पट्टा.

आता स्वयंपाकघरात या. एका पसरट परातीत आणि एका उभ्या पातेल्यात पाणी भरा, मग दोन्हींतून तांब्याभर काढा. परातीत कडेनं रुंद ओला पट्टा उघडा पडतो. पातेल्यात पाणी नुसतं खाली जातं, कड तशीच उभी. मातीचा उतरता काठ असलेला तलाव म्हणजे परात. काठाला दगडी पिचिंग, भिंत आणि वर चालायचा ट्रॅक केला की त्याच तलावाचं पातेलं होतं. पाणी तेवढंच, पक्षी गायब. माझ्या लहानपणीच्या एका तळ्याचं असंच झालं. ज्या कोपऱ्यात भाद्रपदात चिखल्यांची पळापळ बघायचो, तिथे आता रंगीत दिवे आहेत. नाव घेत नाही, काम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना चिखल 'राहून गेलेलं काम' वाटला, इतकंच.

मग ऑगस्टमध्ये, तलाव भरलेला असताना, तुताऱ्या जातात कुठे? जिथे नाला किंवा नदी तलावाला मिळते तिथे पाणी उथळ असतं, तिथे. पडीक रानातल्या डबक्यात, शेताच्या सखल कोपऱ्यात, त्या चाकोरीत. ऑक्टोबरनंतर तलाव उतरू लागला की कड रोज थोडी उघडत जाते आणि मंडळी तलावावर येतात. पाऊस कमी झाला तर ऑगस्टमध्येच येतात. आपल्याला चिंतेचं वर्ष, त्यांना सोयीचं.

मग डासांचं आणि घाणीचं काय?

आईची शंका रास्त आहे, म्हणून गुळमुळीत उत्तर देत नाही. पाणथळीत डास होतात. पण ज्या पाण्यात मासे, चतुरांची पिल्लं आणि किडे खाणारे पक्षी आहेत तिथे डासांच्या अळ्यांना खाणारेही भरपूर असतात. डेंग्यूचा डास तर कूलरच्या टाकीत, कुंडीखालच्या ताटलीत आणि गच्चीवरच्या जुन्या टायरमध्ये वाढतो, तुमच्या-माझ्या घरच्या स्वच्छ पाण्यात.

सांडपाण्याची गोष्ट वेगळी. थोडं सेंद्रिय खत मिसळलं की अळ्या वाढतात, पक्षीही वाढतात, आणि काही जण त्यावरून 'बघा, घाणीत पक्षी येतात' असा निष्कर्ष काढतात. पण प्रमाण वाढलं की पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात, आणि सडक्या, गरम पाण्यात बोट्युलिझमचे जंतू विष तयार करू शकतात. २०१९ मध्ये राजस्थानातल्या सांभर सरोवरावर हजारो पक्षी त्यानंच मेले. चिखल आणि गटार यांतला फरक आपल्या नाकाला कळतो, तो डोक्यालाही कळायला हवा. कायद्याला कळलेला आहे: पाणथळींबद्दलच्या २०१७ च्या नियमांनुसार तिथे कचरा टाकायला, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडायला आणि गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून पन्नास मीटरच्या आत पक्कं बांधकाम करायला मनाई आहे.

बघायचे कसे? सगळे एकसारखेच तपकिरी दिसतात

दिसतात खरे. पहिल्या वर्षी नावांच्या नादी लागू नका, चाल बघा. बसल्या जागी मागचं अंग सारखं वरखाली करणारा तुतवार. धाव-थांब-धाव करणारा चिखल्या. दचकून उडताना पंखांखाली काळपट आणि कमरेवर पांढराशुभ्र चौकोन दाखवणारी हिरवी तुतारी. तसाच पक्षी पण पंखांखाली फिका, पाठीवर ठिपके ठसठशीत, ती ठिपकेवाली. त्याहून लहान, चिमणीएवढा, शिवणयंत्रासारखी चोच चालवणारा टिलवा.

ऑगस्ट-सप्टेंबरची एक खास गंमत हिवाळ्यात मिळत नाही. आलेल्या मोठ्या पक्ष्यांची पिसं उन्हापावसानं झिजलेली, कडा कुरतडल्यासारख्या. पिल्लांची पिसं मात्र नवी कोरी, प्रत्येक पिसाला फिकी किनार, इस्त्री मोडली नसलेल्या शाळेच्या गणवेशासारखी. कोण आईबाप आणि कोण पहिल्यांदा घराबाहेर पडलेलं, ते दुर्बिणीतून कळतं. नोव्हेंबरपर्यंत बहुतेकांचे कपडे बदललेले असतात.

सकाळी जा, ऊन पाठीवर घ्या, एका जागी बसा. फोटोसाठी मागे मागे जाऊ नका, प्रत्येक उडवणीत त्या अंड्याएवढ्या जिवाची टाकी रिकामी होते. गमबूट घाला आणि गवतात पाय टाकण्याआधी काठी आपटा, श्रावणात साप असतात.

बघितले. मोजून काय करायचं?

आशियातली मोठी पाणपक्षी गणना दरवर्षी जानेवारीत होते. उत्तम काम आहे, मीही जातो. पण जी तुतारी ऑगस्टमध्ये चार दिवस इथे जेवून पुढे गेली ती जानेवारीच्या यादीत कुठून येणार? दुपारी चारला येऊन ढाब्यावर रात्रीची गिऱ्हाइकं मोजण्यासारखं ते आहे. मग एखादा उथळ कोपरा बुजवताना कागदावर 'इथे पक्षी नाहीत' असं अगदी खरं लिहिता येतं. म्हणून श्रावण-भाद्रपदातली तारीख, जागा, जात आणि संख्या वहीत उतरवलेली बरी. माझ्या वहीत त्या चाकोरीचीही नोंद आहे: ठिपकेवाली तुतारी, एक, पाणी बोटभर.

आईला दाखवली. ती म्हणाली, "एकच?" मग थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून, "परत जाते कधी ती?"

एप्रिलमध्ये, म्हटलं. चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या सुमाराला.